खाऱ्या पाण्याचा उन्हाळा

होळी झाली की जळगावचं ऊन रंग बदलतं. आधी ते नुसतं पिवळं असतं, मग पांढरं होतं. दुपारी रस्त्याचा आवाज बंद पडतो, दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात, गल्लीतली कुत्री नळाखालची ओल शोधून पडून राहतात. खिडक्यांना ओले पडदे लागतात. कूलरमध्ये नवा वाळा बसतो आणि त्याचा गोड, मातकट वास घरभर फिरतो. आमच्या हॉलमध्ये मात्र त्या वासात समुद्राचा वास मिसळलेला असतो, आणि नवे पाहुणे दारातच थबकून नाक वर करतात.

मी मूळची पिंपळनेरची. लहानपणी पाणी म्हणजे पांझरा नदीचं, गुडघ्याएवढं, तळाचे गोटे दाखवणारं. समुद्र मी लग्नानंतर पाहिला, तोही दोनदाच, आणि दोन्ही वेळा निम्मा वेळ साडी सावरण्यात गेला. तोच समुद्र उतारवयात माझ्या हॉलमध्ये शोकेसच्या जागी येऊन बसेल आणि मला रोज त्याची काच पुसावी लागेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. आज सकाळी तीच काच पुसत होते. मॅग्नेटचा पुसणा सरकवला, हिरवट थर निघाला की मागून निळा उजेड उघडतो. त्या उजेडाकडे बघता बघता मी दरवर्षी याच दिवसांत एका जुन्या उन्हाळ्यात जाऊन पोचते आणि हातातला चहा गार होतो.

त्या वर्षी मुलगी शिकायला पुण्याला गेली होती. घर एकदम मोठं झालं होतं. आमच्या यांचं दुकान पाइप आणि पंपांचं. इथलं पाणी तिथं नेण्यात जन्म गेला. एका लहानशा पंपाचं काय काय करता येईल हे बघता बघता यांना प्रवाळाच्या टाकीचा नाद लागला. या वयात लोक गुडघ्यांना तेल लावतात, यांनी बादलीत मीठ कालवायला घेतलं. साधं मीठ नव्हे, समुद्राच्या पाण्यासाठी खास मिळतं ते. फिल्टरच्या शुद्ध पाण्यात ते विरघळवायचं, खारेपणा मोजायचा, पुन्हा ढवळायचं. मी पोळ्या लाटताना मागून चमच्याचा आवाज यायचा आणि मला वाटायचं, हे सरबत करताहेत.

मग किती तरी दिवस चार फुटी टाकीत नुसतं पाणी आणि खडक. येणारेजाणारे विचारायचे, मासे कुठंयत? "पाणी अजून कच्चं आहे, पिकू दे," हे सांगायचे. केळी पिकवणाऱ्या गावात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. घरकामाला येणारी इंदूअक्का साक्रीकडची, माझ्याच भागातली. तिच्या तोंडची अहिराणी ऐकली की मला माहेरी गेल्यासारखं वाटतं. ती केरसुणी टेकवून टाकीसमोर उभी राहिली आणि यांना म्हणाली, "भाऊ, समिंदर घरमा लई उनात. आते डोंगरबी लई येशात का?" समुद्र घरात आणला, आता डोंगरही आणणार का, या तिच्या प्रश्नावर हे हसले नाहीत. खडक कुठं ठेवायचा याच विचारात होते.

त्या नुसत्या पाण्यावर सगळ्यात जास्त जीव जडला तो बाईंचा. बाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि लहानथोर सगळ्यांच्याच बाई. आमचं मारवाडी जैन घर. आमची बोली निम्मी मारवाडी, निम्मी मराठी. मला त्या बींदणी म्हणायच्या, म्हणजे सून. पण सासरी आल्यापासून माझ्याशी खऱ्या अर्थानं बोलणारं माणूस कुणी असेल तर त्याच. हे स्वभावानं अबोल. बाई मात्र डाळ निवडता निवडता अख्ख्या खानदेशातल्या सोयरिकी सांगायच्या, आणि मध्येच असं काही बोलायच्या की हसून माझ्या हातातलं सूप हलायचं. मुलगी गेल्यावर मी कोलमडले नाही, ते त्यांच्यामुळे.

त्या टाकीसमोर सामायिकाला, म्हणजे रोजच्या ध्यानाला, बसू लागल्या. पाण्यात लाट नाही, आवाज नाही, फक्त पंपाची बारीक गुणगुण. तोंडावर बांधलेल्या मुहपत्तीच्या वर त्यांचे डोळे मिटलेले असायचे आणि निळा उजेड पांढऱ्या साडीवर हलत राहायचा. पहिलं प्रवाळ आलं तेव्हा त्या कितीतरी वेळ बघत होत्या. आधी मिटलेली गाठ, मग हळूहळू तिला बोटं फुटली आणि ती पाण्यात झुलू लागली. "हे जिवंत आहे?" त्यांनी विचारलं. हे म्हणाले, "हो बाई, हेच पोवळ्याचं कुळ." बाईंनी स्वतःच्या बोटातल्या पोवळ्याच्या अंगठीकडे पाहिलं. सासऱ्यांनी करून दिलेली होती ती. त्या दिवसानंतर ती मला त्यांच्या बोटात दिसली नाही.

मासे आले आणि बाईंचा सूर बदलला. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी होती, लग्नातल्या बँडवाल्यांसारखी नटलेली. सगळ्यांना आवडली. बाई यांना म्हणाल्या, "राजू, यांचं काय चुकलं म्हणून कोंडलंस?"

"बाई, इथं त्यांना खाणारं कुणी नाही."

"आणि फिरायला?"

हे काचेवरचे थेंब पुसू लागले.

चैत्रातली गोष्ट. उन्हानं घर तापलेलं. बाईंनी बर्फासाठी फ्रीजचं वरचं दार उघडलं. मी मागेच उभी होते. बर्फाच्या ट्रेखाली एक चपटं पाकीट होतं, आत गुलाबी चौकोन. बाईंनी ते उलटंसुलटं केलं, चित्र पाहिलं आणि जसं होतं तसं ठेवून दिलं. माशांचं खाणं होतं ते. गोठवलेली कोळंबी. यांच्या डोक्यात फक्त तापमान होतं, फ्रीज कुणाचा आहे हे त्यात शिरलंच नव्हतं. ज्या घरात बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका दोनदा बघितला जातो, त्या घरात दुधाच्या वरच्या कप्प्यात कोळंबी.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हात धुतले, पुन्हा धुतले, आणि म्हणाल्या, "धुळ्याला जाऊन येते." धुळ्याला माझे धाकटे दीर असतात. कधी येणार हे त्यांनी सांगितलं नाही. त्या रणरणत्या उन्हात एसटीनंच गेल्या, यांनी गाडी काढली तर म्हणाल्या, "तू मासे सांभाळ." पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली असेल, त्यांनी पदर डोक्यावर ओढून गाळलेल्या पाण्याची बाटली उघडली असेल, असं सगळं मी इकडे बसून मनात बघत होते.

उन्हाळा म्हणजे आमच्याकडे पापडांचा, मुगोड्यांचा मोसम. दरवर्षी गच्चीवर पहाटेच चटया पडायच्या, बाई लाट्या करायच्या आणि मी लाटायचे. त्या वर्षी मी एकटीच गच्चीवर. उडदाचं पीठ कुटून कुटून हात भरून आले. पापड गोल होईनात. वाकून बघणारं, चूक काढणारं, "हा पापड आहे की नकाशा?" असं विचारणारं कुणी नव्हतं. मी त्या चटईवर बसून रडले. घर सोडून गेलेलं म्हातारं माणूस दुसरीकडे एकदा रुळलं की परत यायला संकोचतं, हे मला माहीत होतं. बाईंचं तिकडे रुळणं मला नको होतं, मग ते कितीही स्वार्थी दिसो.

"मला बाई परत पाहिजेत," मी यांना सांगितलं. "टाकी ठेवा की काढा, तुमचं तुम्ही बघा."

अबोल माणसाची एक गंमत असते, तो ऐकतो. फ्रीज रिकामा झाला, पुसला, कोमट पाण्यानं धुतला गेला. नारिंगी जोडी नाशिकच्या दुकानदाराकडे परत गेली. मग सुरू झाला शाकाहारी माशांचा शोध. वधूवर सूचक मंडळात बसतात तसे हे फोनवर बसायचे. खातो काय? शेवाळ. नुसतं शेवाळ? स्वभाव कसा? दुसऱ्याच्या अंगावर जातो का? मोठा किती होईल? एक सुरेख पिवळा चपटा मासा यांच्या मनात भरला होता. दुकानदारानंच नको म्हटलं. त्याला पळायला लांब अंगण लागतं, चार फुटांत तो वेडा होईल. हे फोन ठेवून टाकीची लांबी वितीनं मोजत बसले. मला वाटतं, बाईंचं "आणि फिरायला?" तेव्हा त्यांना ऐकू आलं. खाण्याच्या डब्यावरची बारीक अक्षरं तर हे भिंग लावून वाचायचे, कारण हिरव्या दिसणाऱ्या गोळ्यांतसुद्धा माशाची पूड असते. शेवटी समुद्री शेवाळाची सुकी पानं मिळाली, पापडासारखी पातळ आणि काळपट.

अखेर दोन मासे आले. एक मातकट, खडकावर बसून शेवाळ खरवडणारा. त्याचं नाव आम्ही गवत्या ठेवलं. "दखा भाभी, कसा बठेल शे, पारवर बठेल म्हातारामायक," इंदूअक्का म्हणाली, आणि खरंच, पारावर बसलेल्या म्हाताऱ्यासारखी त्याच्या चेहऱ्यावर कायम तक्रार होती. दुसरा हळदीसारखा पिवळा, पण वेगळ्या जातीचा, तोंड सशासारखं पुढे आलेलं. अजून लहानच होता. सुकं पान चिमट्यात लावलं की तो कडेकडेनं कुरतडायचा. सोबत काच चाटणाऱ्या काही गोगलगायी. एवढाच संसार.

बाईंना मी फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाहू." आणि एका दुपारी न सांगता दारात उभ्या. पाणी घ्यायच्या आधी म्हणाल्या, "बींदणी, फ्रीज उघड." मी उघडला. त्यांनी वरचा कप्पा, खालचा कप्पा, दारातल्या बाटल्या, सगळं पाहिलं. मग पाणी घेतलं. "आखातीजेपर्यंत राहते," म्हणाल्या. आखातीज, म्हणजे अक्षय तृतीया, जवळच होती. मी मनात म्हटलं, तोवर तरी राहा.

ते दिवस मला अर्धवट झोपेत बघितल्यासारखे आठवतात. बाहेर पांढरं ऊन, आत ओले पडदे आणि निळा उजेड. टाकीवर यांनी छोटा पंखा बसवला होता, कारण पाणी तापलं की प्रवाळ विटतं. पंख्यानं पाणी गार राहायचं, पण उडूनही जायचं; रोज काचेवरची रेघ खाली सरकायची. भर घालायची ती साध्या शुद्ध पाण्याची. मी एकदा खारं पाणी ओतायला निघाले तर हे धावत आले. "वाफ पाण्याची होते, मीठ मागंच राहतं. वरून आणखी खारं घातलंस तर त्यांना सोसणार नाही." मी बाईंकडे बघितलं. त्या माळ ओढत होत्या. जे उडून गेलं तेवढंच भरून काढायचं असतं, हे मला घरातल्या पुष्कळ गोष्टींना लागू वाटलं.

आणि एकदा हे गाळणीची पिशवी नळाखाली धूत होते. टाकीतलं पाणी त्या कापडी पिशवीतून गाळलं जातं, घाण तिच्यात अडकते. बाई उठून आल्या. "राजू, जिवाणी कुठं टाकतोस?" आमच्याकडे पाणी गाळून पितात. गाळल्यावर गाळणीत जे सूक्ष्म जीव राहतात ती जिवाणी, आणि ती ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायची, ही जुनी रीत. हे म्हणाले, घाण परत टाकीत गेली तर पाणी बिघडेल. बाई म्हणाल्या, जीव गटारात गेले तर माझं बिघडेल. मग तोडगा निघाला. पिशवी आधी टाकीतल्याच पाण्याच्या बरणीत हलवायची, बरणी खिडकीत ठेवायची. बाई चष्मा लावून बरणीत बघायच्या. तिच्यात पांढरे ठिपके उड्या मारत फिरायचे. "किती आहेत बघ," त्या म्हणायच्या, आणि त्यांच्या आवाजात नातवंडं मोजणाऱ्या बाईचं सुख असायचं. मला वाटायला लागलं की आखातीज झाली तरी त्या जाणार नाहीत.

अमावस्या आली. सासरे होते तेव्हा अमावस्येला दोघं मेहरूण तलावावर जायचे, कणकेच्या गोळ्या माशांना घालायचे. आमच्या लोकांत ते पुण्याचं काम. गुडघे थकल्यापासून बाईंचं जाणं सुटलं होतं. त्या दुपारी मी आत आडवी झाले होते. बाईंनी कणीक घेतली, तीत तूप-साखर घातली, हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळल्या आणि टाकीचं झाकण सरकवून सोडल्या. पिवळा मासा झेप घेऊन आला. त्यानं गोळी तोंडात घेतली आणि बाई इतक्या हरखल्या की त्यांनी मूठभर सोडल्या.

"भाभी, आठे या लवकर! बठ्ठं पानी दूधमायक व्हई गय!" इंदूअक्काच्या हाकेनं मी उठले. टाकी खरंच दुधाळ झाली होती. गोळ्या फुटून खडकांवर, प्रवाळावर, वाळूवर पिठाचा साका बसला होता. त्यात लाइट गेलेली, पंप बंद, पंखा बंद. इन्व्हर्टर त्याच आठवड्यात दुरुस्तीला गेलेला. आणि पिवळा मासा वर येऊन पाण्याच्या कडेला तोंड उघडत होता. बाई टाकीला हात लावून उभ्या. "मी दिलं," त्या म्हणाल्या. "उपाशी दिसत होता."

हे दुकानातून धावत आले. रागावतील असं मला वाटलं, पण त्यांनी बाईंच्या हातात तांब्या दिला. "बाई, पाणी उंचावरून ओता. भरायचं आणि ओतायचं. त्याला हवा पाहिजे." मी आणि इंदूअक्का नळीनं पीठ ओढून काढू लागलो, हे ड्रममधलं तयार खारं पाणी भरू लागले. बर्फाच्या बंद बाटल्या टाकीत तरंगत होत्या. आणि बाई ओतत होत्या. तांब्या भरायचा, डोक्याएवढा उंच न्यायचा, ओतायचा, ओठांत नवकार मंत्र. त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या, पदरावर मिठाचे पांढरे डाग पडले. मी म्हटलं, "बाई, बसा, मी ओतते." त्यांनी मान हलवली. खिडकीतलं ऊन तांबूस झालं, मग गेलं. बाईंचं जेवण सूर्य मावळायच्या आत असतं. ताट झाकलेलं तसंच राहिलं आणि त्यांनी त्याकडे बघितलंसुद्धा नाही.

लाइट आली, पंप गुणगुणला. गवत्या खडकाच्या भेगेत होता, गाल हलत होते. "हाऊ जित्ता शे!" इंदूअक्का म्हणाली. पिवळा मात्र कोपऱ्यात आडवा झाला होता. त्याचा रंग फिका पडत गेला आणि मग हलणंही थांबलं. बाईंनी तांब्या खाली ठेवला. काचेपुढे हात जोडून, प्रतिक्रमणात चुकांची क्षमा मागताना म्हणतात तसं, पण एका माशाला, स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडम्." मी आयुष्यात पुष्कळ क्षमा मागणारे पाहिलेत. असं मागणं पुन्हा पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई अंघोळ करून, बाहेर जायची साडी नेसून, चपला घालून दाराजवळच्या खुर्चीत बसलेल्या. आता त्या जाणार, आणि या खेपेला परत येणार नाहीत, कारण या खेपेला त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती.

हे टाकीपाशी होते. पाणी निवळलं होतं. गवत्या पुन्हा आपल्या पारावर येऊन बसला होता.

"राजू," बाई म्हणाल्या, "इथून समुद्र कुठला जवळ? मुंबईचा की सुरतेचा? गाडी काढ. याला सोडून येऊ आणि तिकडूनच मला धुळ्याला सोड."

हे टाकीपासून दाराकडे आले. मग खाली बसून त्यांनी बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाई, याचा समुद्र हा नाही. फार दूरचा आहे, मलाही नीट माहीत नाही कुठला. इथल्या पाण्यात सोडला तर दिवसभरसुद्धा जगायचा नाही."

"म्हणजे याला आता परत जाताच येत नाही?"

"नाही, बाई."

बाहेर भंगारवाल्याची हाक आली आणि गेली. गवत्यानं खडकावर तोंड घासलं आणि पुन्हा तक्रारीचा चेहरा करून आमच्याकडे पाहिलं. बाई वाकल्या. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला, पण मला त्यांनी हात लावू दिला नाही. एक चप्पल काढली, मग दुसरी, आणि दोन्ही भिंतीशी सरळ लावून ठेवल्या.

"मग मीही नाही जात," त्या म्हणाल्या.